ऊब, गारवा आणि मोकळी हवा

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. लग्नाविषयी बोलण्याचा अधिकार या अंकातील तरुण लेखकांकडे सोपवून मी फक्त घराविषयी चार शब्द लिहिणार आहे. मी पदार्थविज्ञान शिकवतो. उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन शब्द दरवर्षी फळ्यावर लिहितो. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत त्यांच्या व्याख्या बिनचूक लिहितात, आणि पुढे नोकरीला लागून, कर्ज काढून जेव्हा घर बांधतात तेव्हा या तीन शब्दांचा त्या घराशी काही संबंध आहे असे त्यांच्या मनातही येत नाही. वास्तुशांतीचे आमंत्रण येते, मी जातो, घर फिरून पाहतो, आणि वरच्या मजल्यावरील खोलीत पाऊल टाकताच लक्षात येते की आपला एक धडा वाया गेला.

बेळगावच्या चहूबाजूंना आज नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. तीस बाय चाळीसचा प्लॉट, म्हणजे एक गुंठ्याहून थोडा अधिक, आणि त्यावर एक किंवा दोन मजले. मध्यमवर्गीय माणूस असे घर आयुष्यात एकदाच बांधतो. निवृत्तीची पुंजी, बँकेचे कर्ज, आईचे दागिने, गावाकडील शेताचा तुकडा, सगळे त्यात जाते. एवढा पैसा घालताना तो कशावर खर्च होतो हे पाहिले तर दर्शनी भागाची सजावट, जिन्याला ग्रॅनाइट, दिवाणखान्यात खोटे छत व त्यातील दिवे, पितळी मुठींचे दार, असा क्रम दिसतो. छप्पर तापणार की नाही, वारा कुठून येणार व कुठून जाणार, भिंतीला ओल चढणार का, आंघोळीचे पाणी कशावर तापणार, हे प्रश्न मेस्त्रीवर किंवा नशिबावर सोपवलेले असतात. माझे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम उलटा व्हायला हवा. ग्रॅनाइट दहा वर्षांनीही बसवता येते. छप्पर, खिडक्या आणि जोते मात्र एकदाच ठरतात.

प्रथम आपल्या हवेचा विचार करू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. थंडी आहे, पण खोली तापवण्याची सोय करावी लागावी इतकी नाही. डिसेंबर-जानेवारीत ऊब हवी असते ती पहाटेच्या आंघोळीच्या पाण्याला. चार महिने पाऊस असतो, तोही पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरका येणारा. एप्रिल आणि मेचा पूर्वार्ध तेवढा तापतो. आपले शहर १५.८ अक्षांशाजवळ असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो. पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो तसाच येतो, परंतु तेव्हा ढग आपली काळजी घेतात. सूर्य डोक्यावर असला म्हणजे त्याचा सर्वांत मोठा मारा भिंतींवर न होता छपरावर होतो. पण एक चांगली गोष्ट अशी की एप्रिलमध्येही आपल्याकडे रात्री पारा वीस-एकवीस अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे दिवसाची उष्णता बाहेर अडवली आणि रात्रीचा गार वारा आत घेतला तर बेळगावात कुणालाही वातानुकूलन यंत्राची गरज पडू नये. तरीही ती यंत्रे दरवर्षी वाढताना दिसतात. हवा थोडी बदलली असेल, पण घरे त्याहून अधिक बदलली आहेत.

आपल्या वाडवडिलांना हे गणित ठाऊक होते. आपल्या एकाच जिल्ह्यात त्यांनी दोन तऱ्हेची घरे बांधली. पश्चिमेकडे, खानापूरच्या बाजूला, जिथे पाऊस धो धो कोसळतो, तिथे उतरती कौले, खाली आलेल्या वळचणी आणि पुढे सोपा. पूर्वेकडे, अथणीच्या बाजूला, जिथे पाऊस बेळगावच्या जेमतेम निम्मा, तिथे जाड भिंतींवर मातीचे सपाट माळवद. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, तर माळवदाचा जाड मातीचा थर दुपारची उष्णता खोलीपर्यंत पोचू देत नाही. मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा, दोघेही पावसाकडे पाहून घर बांधत होते. आपण ज्याला पडसाळ म्हणतो त्याला या अंकाच्या दुसऱ्या विभागातील आपले मित्र पडसाले म्हणतात, आपल्या खिडकीची त्यांच्याकडे किटकी होते, पण सोय तीच. ज्यांना आपण 'मंगळुरी' म्हणतो ती कौले काही फार प्राचीन नव्हेत. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली पहिला कारखाना काढला आणि तिथून ती सगळ्या किनाऱ्यावर व घाटावर पसरली. आपल्या जवळच्या खानापुरातही कौले आणि विटा होत आल्या आहेत. म्हणजे जुन्या लोकांना नव्याचे वावडे नव्हते. नवीन वस्तू हवेला मानवते का, एवढे ते पाहत असत.

जुने ते सगळे सोने, असे मात्र मला म्हणायचे नाही. कौलारू घरात माकडे, उंदीर, गळती आणि दरवर्षीची कौलशाकारणी असते. मातीच्या भिंतींचे काय होते ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या जिल्ह्याने पाहिले आहे. ज्यांची घरे तेव्हा चिखल होऊन बसली त्यांनी पुन्हा मातीचे घर बांधावे असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. स्लॅब मजबूत आहे, वर मजला चढवता येतो, चोर छपरातून उतरत नाही. त्यामुळे स्लॅब येणार, हे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

आता स्लॅबचे गणित पाहा. छपराची परीक्षा करण्याची एक सोपी रीत आहे. आतबाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर छपरातून किती वॅट उष्णता वाहते ते मोजायचे. नुसत्या चार-पाच इंची स्लॅबसाठी हा आकडा तीन ते साडेतीनच्या घरात येतो. केंद्र सरकारने २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. तिच्यात छपरासाठी कमाल मर्यादा १.२ ठेवली आहे. म्हणजे आपण नेहमी टाकतो तो स्लॅब या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो. मे महिन्यात दुपारी गच्चीचा पृष्ठभाग ५५ अंशांवर गेला आणि खोली ३२ अंशांवर असली, तर दहा बाय दहाच्या खोलीत छतातून येणारी उष्णता ढोबळ हिशेबाने सहाशे-सातशे वॅट होते. एक इस्त्री चालू करून छताला टांगून ठेवावी तसे हे झाले. शिवाय काँक्रीट उष्णता साठवून ठेवते. दुपारी शोषलेली उष्णता ते काही तासांनी, म्हणजे माणसे कामावरून परतून जरा आडवी होतात तेव्हा, खाली सोडू लागते. वर पंखा लावला की तो तीच गरम हवा अंगावर ढकलतो. पंख्याने हवा हलते, ती थंड होत नाही, हे आठवीच्या मुलालाही ठाऊक आहे. पण छत तापलेले असताना आपण दोष पंख्याला देतो.

यावर उपाय पुष्कळ आहेत आणि ते सगळे महाग नाहीत. सर्वांत स्वस्त म्हणजे गच्चीला पांढरा रंग किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. पांढरा पृष्ठभाग बराचसा प्रकाश परतवून लावतो. अडचण अशी की आपल्या पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरते आणि पांढऱ्याचे काळे होते. म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडी घासण्याची व हात फिरवण्याची तयारी हवी. दुसरा उपाय उष्णतारोधक थराचा. स्लॅबवर जलरोधक थर, त्यावर थर्माकोलच्या जातीची घट्ट पाटी आणि तिच्यावर कोबा. पाटी अवघ्या एक इंचाची असली तरी वर सांगितलेला आकडा तीनवरून एकच्या आसपास येतो, दोन इंचांची असली तर अर्ध्याच्या जवळ. हा थर स्लॅबच्या वरच हवा. खोटे छत लावून खालून उष्णता अडवू पाहणारे लोक चोराला माजघरात घेऊन मग कडी घालतात.

तिसरा उपाय लॉरी बेकर यांचा. १९१७ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला हा वास्तुविशारद १९४५ साली भारतात आला आणि २००७ साली तिरुवनंतपुरम येथे वारला. साध्या माणसांची घरे हाच त्यांनी आयुष्यभराचा व्यवसाय मानला. त्यांचा विचार असा की स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट ताण सहन करत नाही, ताण पोलाद घेते. मग तिथे सळ्यांच्या चौकटींमध्ये काँक्रीटऐवजी जुनी कौले का भरू नयेत? त्यामुळे वजन व सिमेंट दोन्ही कमी लागतात आणि दोन कौलांमध्ये कोंडलेली हवा उष्णतेला अडवते. भिंतींसाठीही ते विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवत, त्यामुळे मध्ये पोकळी राहते आणि सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. जुनी घरे पाडताना आपल्या गावांत कौलांचे ढीग उकिरड्यावर जातात. त्यांचा असा उपयोग होऊ शकतो, मात्र सळ्यांचा हिशेब जाणकार अभियंत्याकडून करून घेतला पाहिजे. भिंतीत माती वापरायची असेल तर तिचाही आता शास्त्रीय विचार झाला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट स्थापन झाला. मातीत थोडे सिमेंट मिसळून, यंत्राने दाबून केलेल्या न भाजलेल्या विटांवर त्या गटाने दीर्घकाळ काम केले. पावसाने विरघळणारी माती निराळी आणि ही निराळी.

चौथा उपाय बेळगावकरांनी स्वतःच शोधला आहे, आणि तो शोध आहे हे त्यांना ठाऊक नाही! गच्ची गळते म्हणून आपण तिच्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालतो. कुणी त्याला विद्रूप म्हणते. परंतु त्या पत्र्याखाली स्लॅब सावलीत राहतो, आणि बाजू मोकळ्या असल्यामुळे तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. छत्रीखाली उभे राहण्यासारखेच ते आहे. पावसाळ्यात खाली कपडे वाळतात, कुरडया-पापड राखता येतात, मुले अभ्यासाला बसतात. फक्त एक पथ्य पाळावे, चारही बाजू बंद करून त्याची खोली करू नये. तसे केले की छत्रीची भट्टी होते. पत्रा निवडताना सिमेंटचे अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त पत्रे टाळावेत. त्यांचे तंतू फुप्फुसाला घातक असतात आणि साठाहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे.

छपरानंतर दिशांचा प्रश्न येतो. आपल्या गावचा खरा पेच पश्चिम दिशेचा आहे. पावसाळी वारा पश्चिमेचा, उन्हाळ्यात संध्याकाळी येणारी झुळूक पश्चिमेची, आणि दुपारनंतरचे कडक ऊनही पश्चिमेचेच. खिडकी ठेवली तर ऊन आणि पाऊस आत येतात, न ठेवली तर वारा येत नाही. छज्जाने हा पेच सुटत नाही, कारण चार वाजताचे ऊन छज्जाखालून तिरके आत शिरते. दक्षिणेकडे छज्जा उपयोगी पडतो, कारण ऐन डिसेंबरातही दुपारी सूर्य क्षितिजापासून पन्नास अंश वर असतो. पश्चिमेकडे उभा अडसर लागतो, म्हणजे झाड, जाळीची भिंत, वेल किंवा पडवी. जुन्या घरांत पडवी आणि सोपा होता तो केवळ पाहुण्यांना बसवण्यासाठी नव्हता. ऊन आणि पाऊस तिथेच थांबत आणि वारा तेवढा आत येई. छोट्या प्लॉटवर पडवीला जागा नसेल तर जिना, न्हाणी, संडास, भांडारखोली पश्चिमेला टाकावी. त्या तापल्या तरी तिथे कुणी झोपत नाही. निजण्याची खोली मात्र शक्यतो पूर्वेला असावी.

इथे वास्तुशास्त्राचा प्रश्न येणारच. अनेक घरांत होकायंत्र आणले जाते ते वाऱ्यासाठी नव्हे, तर स्वयंपाकघर आग्नेयेस येते का हे पाहण्यासाठी. मला त्याचा उपहास करायचा नाही. वारा पश्चिमेचा असलेल्या गावात पूर्वेकडील स्वयंपाकघराचा धूर घरात न शिरता बाहेर जातो, हे सयुक्तिकच आहे. परंतु त्याच शास्त्राच्या नावाखाली कुणी हवेशीर खिडकी बुजवायला सांगितली तर ते ऐकू नये. दिशा मानणाऱ्याने वाऱ्याचीही दिशा मानावी.

आता वायुवीजन. इंग्लंडमधील सुप्रसिद्ध परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर एक पुस्तक लिहिले. त्याचे पहिले प्रकरण औषधांवर नसून हवा आणि ऊब यांवर आहे. रोग्याला थंडी बाजू न देता खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवणे, हा त्यांनी पहिला नियम मानला. २०२० आणि २०२१ साली करोनाने हाच नियम आपल्याकडून पाठ करून घेतला, आणि साथ ओसरताच आपण तो विसरलो. क्षयरोग तर कुठे गेलेलाच नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि तो रोग हवेतूनच पसरतो. कोंदट खोली हे त्याचे आवडते ठिकाण.

वर सांगितलेली संहिता उघडणाऱ्या खिडक्यांचेही प्रमाण देते. उष्ण-दमट प्रदेशात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश, समशीतोष्ण प्रदेशात एक-अष्टमांश. दहा बाय बाराच्या खोलीला हे प्रमाण पंधरा ते वीस चौरस फूट येते. इथे एक गफलत सगळीकडे दिसते. हल्ली जिकडेतिकडे सरकत्या काचांच्या खिडक्या बसवतात. दोन काचांपैकी एक नेहमी दुसरीच्या मागे असते, म्हणून चार बाय चारची खिडकी सोळा फुटांची दिसली तरी उघडते आठच फूट. जुनी झडपांची खिडकी पूर्ण उघडत असे. खिडकी विकत घेताना आपण आकार पाहतो, उघडते किती हे विचारत नाही. शिवाय एकाच भिंतीला खिडकी असून भागत नाही. वाऱ्याला आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. समोरासमोर नसली तरी दुसऱ्या भिंतीत वाट हवीच. आणि पूर्वी दाराच्या वर जो झरोका असे, तो कुठे गेला? तापलेली हवा वर चढते, तिला बाहेर पडायला वरच वाट हवी.

तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत हातभर अंतरावर असते. तिथे आडवा वारा मिळणे कठीण. अशा घराला जिना उपयोगी पडतो. मी २०१६ साली घर बांधले तेव्हा जिन्याच्या माथ्यावरील खोलीला तिन्ही बाजूंनी जाळी ठेवायची ठरवली, म्हणजे सबंध घराची गरम हवा जिन्यातून धुराड्यासारखी वर निघून जाईल. आमचे मेस्त्री कन्नडभाषक, पण मराठी आमच्यासारखेच बोलणारे. ते म्हणाले, "सर, एवढी जाळी कशाला? पावसाचा सगळा मारा आत येणार की." मी त्यांना कारण सांगितले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग जाळी नको सर, सिमेंटच्या तिरक्या पट्ट्या घालूया. वारा जाईल, पाणी बाहेर पडेल." तसे केले. आजही दुपारी खालचे दार उघडले की जिन्यात वारा वर ओढला जातो हे उदबत्तीच्या धुरावरून दिसते. सांगायचे असे की मेस्त्रीला कारण सांगितले तर तो आपल्यापेक्षा चांगला उपाय काढतो. आपण त्याला फक्त चित्र दाखवतो, कारण सांगत नाही.

ओलीबद्दल थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात भिंतीवर उमटणारे डाग दोन तऱ्हांचे असतात. जमिनीतून चढणारी ओल जोत्यावर जलरोधक थर नीट न घातल्यामुळे येते, ती नंतर रंगाने झाकता येत नाही. दुसरी घरातल्या वाफेची, स्वयंपाक, आंघोळ, आत वाळत घातलेले कपडे यांतून येणारी. घर जितके घट्ट बंद तितकी ती अधिक. तिच्यातून बुरशी धरते आणि दम्याच्या माणसाचा पावसाळा कठीण होतो. पहिलीचा उपाय बांधताना, दुसरीचा रोज खिडकी उघडून.

ऊब हा शब्द मी शीर्षकात पहिला घातला आहे, त्याकडे आता वळतो. पूर्वी परड्याच्या बाजूला न्हाणी, तिच्यात चुलाणावर हंडा, नाहीतर तांब्याचा बंब. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नास अंशांवर न्यायला साडेबारा हजार किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेचे साडेतीन युनिट. वाळक्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे पंधरा हजार किलोज्यूल मिळतात, पण उघड्या चुलाणात त्यांचा जेमतेम पाचवा हिस्सा पाण्यापर्यंत पोचतो असे धरले तर रोज चार किलोंहून अधिक लाकूड जळते. बाकीच्या उष्णतेबरोबर धूर घरात येतो. सूर्य हेच काम फुकट करतो. दक्षिणेकडे तोंड केलेले शंभर लिटरचे सौर उपकरण लहान कुटुंबाला आठ महिने उत्तम पुरते. पावसाळ्यात त्याला विजेची जोड लागते, हे विकणारा सांगत नाही म्हणून मी सांगतो. टाकी न्हाणीच्या जवळात जवळ असावी आणि गरम पाण्याच्या नळीला उष्णतारोधक वेष्टन असावे. नाहीतर गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी वाया जाते.

आणि आता एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवू नका. तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी सकाळी आंघोळीला गेली ती हाकेला ओ देईना. वडिलांनी दार फोडले म्हणून ती वाचली. न्हाणीघर चार बाय सहाचे, खिडकी थंडीमुळे बंद, आणि गिझर आतच. गॅस जळायला प्राणवायू लागतो. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपट अधिक ओढीने जोडला जातो. माणसाला गुदमरल्यासारखेही वाटत नाही, तो नुसता खाली बसतो. असा गिझर लावायचाच असेल तर तो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावावा, आणि न्हाणीला बंद न होणारा झरोका असावा. थंडीच्या रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे हेही तितकेच घातक. ऊब आणि हवा यांत निवड करण्याची वेळ आली तर हवेची निवड करावी, उबेसाठी घोंगडे आहे.

स्वयंपाकघराचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील चुलींच्या व इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसे मृत्यू पावली. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस गेला, परंतु गॅसच्या शेगडीवरची फोडणीही बंद खोलीत छातीत जाते. नव्या घरांत 'ओपन किचन'ची हौस आली आहे. मोकळेपणा चांगला, पण ओट्यासमोर उघडणारी खिडकी व तिच्यावर हवा बाहेर फेकणारा पंखा नसेल तर तो मोकळेपणा धुराला सबंध घर खुले करून देतो.

माझ्याशी वाद घालणारे चार आक्षेप नेहमी घेतात. पहिला खर्चाचा. छपरावरचा थर, चार खिडक्या आणि दोन झरोके यांचा खर्च दिवाणखान्यातील खोट्या छताशी ताडून पाहावा आणि मग बोलावे. दुसरा चोरांचा. लोखंडी गजांची खिडकी उघडी असली तरी चोर आत येत नाही. तिसरा डासांचा. तो खरा आहे. जाळी लावावी, मात्र जाळीने वारा बराच अडतो, म्हणून खिडकी त्या मानाने मोठी ठेवावी. चौथा आक्षेप असा की 'आता एसी आहे, एवढा विचार कशाला?' एसी हवा बदलत नाही, बहुतेक तीच हवा फिरवून थंड करतो. आणि तापलेल्या स्लॅबखाली एसी लावणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे आहे. वीज जाते तेव्हा तर रांजणच जातो.

एक प्रश्न मात्र मला या सगळ्यांहून मोठा वाटतो. घराचा नकाशा कोण मंजूर करतो? बहुतेक घरांत जो सकाळी नऊला बाहेर पडतो आणि रात्री आठला परततो तो. दिवसभर घरात कोण असते? आई, आजी, अंथरुणाला खिळलेले आजोबा, तान्हे मूल. दुपारी तीन वाजता तापलेल्या छताखाली तेच असतात. स्वयंपाकघरात धूर त्यांच्याच डोळ्यांत जातो. नकाशा काढताना आईला विचारून पाहा, की दुपारी कुठे बसतेस, कुठल्या कोपऱ्यात गार वाटते, पावसाळ्यात कपडे कुठे वाळवतेस. कुठल्याही अभियंत्याला ठाऊक नसलेली माहिती ती देईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातील अनेकांच्या घरी आज ना उद्या बांधकाम निघेल, आणि शिकलेला मुलगा किंवा मुलगी म्हणून तुम्हाला विचारले जाईल. तेव्हा रंग कोणता द्यावा एवढेच सांगून मोकळे होऊ नका. येत्या एप्रिलमध्ये प्रयोगशाळेतून तापमापक घेऊन जा. ज्याच्या घरी कौले आहेत, ज्याच्या घरी नुसता स्लॅब आहे आणि ज्याच्या स्लॅबवर पत्रा आहे, अशा तिघांनी आठवडाभर सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता खोलीचे तापमान लिहून ठेवा. आकडे घेऊन माझ्याकडे या. मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांसाठी त्याचा एक तक्ता करू आणि पुढच्या अंकात छापू. मग ज्यांना घर बांधायचे आहे त्यांना माझा लेख वाचण्याची गरज राहणार नाही, तो तक्ता पुरेल.